कावळा, फांदी आणि विषाणू

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की आळ बिचाऱ्या कावळ्यावर येतो. वैद्यकात हा कावळा पुष्कळदा विषाणू असतो.

१८०६ साली पॅरिसच्या डॉक्टर आलिबेर यांनी एका रोग्याच्या अंगावर अळंब्यांसारख्या गाठी पाहिल्या. त्यावरून पुढे रोगाचे नाव पडले ‘मायकोसिस फंगॉइडिस’. नावात बुरशी, रोगात मात्र तिचा मागमूस नाही! रक्तातल्या टी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरीच, त्वचेत जमतात आणि बेसुमार वाढतात. हा कर्करोगच, पण बहुधा सावकाश चालणारा. इसब समजून लोक वर्षानुवर्षे मलमे चोळीत बसतात.

पण पहारेकरी बहकले कशाने? १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेला अशाच निदानाच्या एका रोग्याच्या पेशींत एक विषाणू सापडला: एचटीएलव्ही-१. झाले, चोर सापडला असे पुष्कळांना वाटले.

तिकडे जपानात १९७७ सालीच ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निराळ्या रक्तकर्करोगाचे वर्णन केले होते. त्यातही अंगावर चट्टे उठत, आणि रोगी बहुतेक क्यूशू बेटाकडचे. १९८१ साली हिनुमा यांना त्यांच्या रक्तात याच विषाणूच्या खुणा आढळल्या. पुरावा पक्का ठरला तो पुढे. एकाच रोग्याच्या सगळ्या कर्कपेशींत विषाणूने गुणसूत्राच्या नेमक्या एकाच जागी बिऱ्हाड केलेले दिसले. म्हणजे पहिली पेशी बिघडण्यापूर्वीच स्वारी घरात होती. नंतर जमलेला हा बघ्या नव्हे.

हा विषाणू मुख्यतः आईच्या दुधातून बाळाला मिळतो. शंभरांतल्या थोड्यांनाच रोग होतो, तोही कित्येक दशकांनी. तरी नागासाकीत १९८७ पासून गरोदर स्त्रियांचे रक्त तपासून, विषाणू निघाल्यास अंगावर पाजू नका, असा सल्ला देण्यात आला. पदरच्या तान्ह्याला दूर ठेवायचे, तेही पन्नास वर्षांनंतरच्या भीतीपायी! ते सोपे गेले नसणार. पण संसर्ग खूप घटला.

आणि आलिबेरसाहेबांचा रोग? त्याच्या बहुसंख्य रोग्यांत एचटीएलव्ही-१ सापडलाच नाही. काही प्रयोगशाळांना त्याचे तुकडे दिसले, इतरांना दिसले नाहीत. विषाणूवरचा आरोप तिथे आजही सिद्ध झालेला नाही. तेव्हा घरात असा रोगी असेल, तर त्याचे ताट-अंथरूण वेगळे करू नका. हा रोग स्पर्शाने लागत नाही. मात्र मलमाला न जुमानणारा चट्टा असेल, तर त्वचेचा तुकडा तपासून घ्या. एकदा काही निघाले नाही, तरी डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा द्या. या रोगाचे निदान पहिल्या खेपेस पुष्कळदा हुकते.