मासा लाजत नाही, घाबरलेला असतो

आमच्या कर्वेनगरात खाऱ्या पाण्याच्या फिश टँकची हौस चांगलीच रुजली आहे. पूर्वी टँकमध्ये गोल्डफिश नाहीतर गप्पी असायचे. आता डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये, सलूनमध्ये, हॉटेलच्या काउंटरमागे आणि पोरांच्या हट्टापायी दिवाणखान्यातसुद्धा 'निमो' आणि 'डोरी' येऊन बसलेत. पैसे ज्याचे त्याचे, हौस ज्याची त्याची. माझं भांडण आहे ते दुकानात हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी.

"नवीन आहे ना साहेब, लाजतोय. दोन दिवसांत खुलेल."

लाजायला ती काय नवी नवरी आहे? तो मासा घाबरलेला आहे. आणि आपण त्याला लाजरा म्हटलं की पुढच्या सगळ्या चुका आपोआप होतात. लाजणाऱ्याला बाहेर ओढायचं असतं, चिडवायचं असतं, पाहुण्यांसमोर उभं करायचं असतं. घाबरलेल्याला एकटं सोडायचं असतं. फरक एवढाच आहे, पण माशाचं मरण-जगणं त्यावर ठरतं.

आधी हा मासा येतो कुठून ते बघा. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यात, टाक्यांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचं उलटं. बाजारातल्या बहुसंख्य जाती आजही थेट प्रवाळातून पकडून आणल्या जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियात तर मासा गुंगवायला पाण्यात सायनाइड फवारायचे प्रकार वर्षानुवर्षं चालत आलेत. पकडणारा, गोळा करणारा, निर्यातदार, विमान, मुंबई किंवा चेन्नईचा व्यापारी, मग पुण्याचं दुकान. प्रत्येक टप्प्यावर नवी पिशवी, नवं पाणी. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात माशानेच सोडलेला अमोनिया साठत जातो. समुद्रापासून शे-दीडशे किलोमीटरवरच्या पुण्यात मग नळाचं पाणी, त्यात पाकिटातलं मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि वर निळा एलईडी. अशा जागी येऊन तो दगडामागे दडला तर त्यात नवल काय? प्रवाळात उघड्यावर फिरणारा नवखा मासा कुणाच्या तरी पोटात जातो. लपणं हे त्याचं शहाणपण आहे.

प्रत्येक जातीची लपायची तऱ्हाही वेगळी. ब्लू टँग, म्हणजे सिनेमातली डोरी, घाबरली की दगडांच्या फटीत घुसून चक्क आडवी पडते. रॅस जातीचे कितीतरी मासे वाळूत स्वतःला पुरून घेतात, नवीन टँकमध्ये कधी कधी दिवसेंदिवस वर येत नाहीत. फायरफिश बिळात पळतो, आणि झाकण नसेल तर उडी मारून थेट फरशीवर. आता हे ज्याला सांगितलेलंच नाही, तो काय करणार? डोरी मेली समजून काठीने ढोसणार. वाळू उकरणार. दगड हलवणार. जाळी घेऊन मागे लागणार. पोरं काचेवर टकटक करणार, कारण मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवायचाय. माशाला अंगाच्या बाजूने पाण्यातली कंपनं टिपणारं इंद्रिय असतं. तुमची टकटक त्याच्या सबंध अंगावर आदळते. आणि टँकशेजारी टीव्हीचे स्पीकर ठेवणाऱ्यांनी, गणपतीत खिडकीखाली ढोल-ताशा लागला की आपल्याला काय होतं ते एकदा आठवून बघावं.

खरं तर सांगायला दोन मिनिटं लागतात. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा. दुकानाच्या आणि घरच्या पाण्याचा खारेपणा मोजा, फरक असेल तर हळूहळू जुळवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्या दिवशी दिवे बंद. दगडांत लपायला जागा हवीच. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर खाल्लं नाही, उरलेलं अन्न काढून टाका. टँकमध्ये आधीपासून कोण आहे ते बघा. स्वस्त म्हणून आधी गळ्यात मारलेला डॅमसेल टँकचा दादा झालेला असतो, तो नव्याला बाहेर येऊच देत नाही. आणि मग आठवडाभर गप्प बसा. लपलेला मासा आजारी असतोच असं नाही. काळजी कधी करायची? श्वास जोरजोरात चालला असेल, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील, पर मिटलेले असतील, किंवा अन्नाला तोंडच लावत नसेल तेव्हा.

मग दुकानदार एवढं का सांगत नाही? सगळे सारखे नाहीत, मान्य. "टँक अजून तयार नाही, महिन्याने या" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारेही आहेत. पण धंद्याचं गणित उलटं आहे. मासा दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक नाराज, तर त्याला आणखी एक 'बोल्ड' मासा विकता येतो. मेला तर दुसरा विकता येतो. औषधाची बाटली वेगळी. माशाला गॅरंटी नसते, बिल बहुधा नसतंच. त्याच्या भीतीत कुणाचंच नुकसान नाही, एक त्याचं सोडून.

आता कायद्याचं बघू. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यात माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी, म्हणजे मासाही आलाच. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज टँकमधल्या माशाचं खाणंही येत नाही.

२०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारला अचानक जाग आली. मत्स्यालयं आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम निघाले. क्लाउनफिश, बटरफ्लायफिश, एंजलफिश धरून १५८ जातींच्या विक्रीवर आणि प्रदर्शनावर बंदी, शिवाय अटींची लांबलचक यादी. व्यापाऱ्यांनी ओरड केली, आणि ती सगळी खोटी नव्हती. पैदास केलेला मासा आणि प्रवाळातून ओरबाडलेला मासा यांना एकाच काठीने हाणलं होतं. पुढे ते नियम मागे घेतले गेले. ठीक. पण त्यांच्या जागी नेमकं, राबवता येईल असं काही यायला हवं होतं की नाही? २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आले. ते मुख्यतः कुत्री, मांजरं, ससे, पक्षी डोळ्यांसमोर ठेवून. आधी सगळंच बंद, मग सगळंच मोकळं. आपल्याकडे मधला रस्ता खोदून ठेवायचा रिवाजच आहे.

एक गोष्ट मात्र साफ बेकायदा आहे आणि ती प्रत्येकाला ठाऊक हवी. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण २००१ पासून आहे. म्हणजे वाघाच्या यादीत. "जिवंत कोरल मिळेल, ओळखीत आहे" असं कुणी म्हटलं तर तो ओळखीचा माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय.

आणि मधला रस्ता आहे, आपल्याच राज्यात आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने शोभेच्या समुद्री माशांची पैदास सुरू केली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय. टाकीतच जन्मलेल्या क्लाउनफिशला काच, पंप, माणसाचा हात आणि तयार खाणं ओळखीचं असतं. तो लवकर खातो, लवकर बाहेर येतो. मग गिऱ्हाईकाने दुकानात विचारायला नको का, की हा पैदास केलेला आहे का पकडलेला?

आता नेहमीचे दोन प्रश्न. पहिला, "तुम्ही सुरमई खाता ना?" खातो. पण ताटात येण्यापूर्वी तिला कुणी पंधरा दिवस पेटीत घाबरवून, काठीने ढोसून, उपाशी ठेवून मारलेलं नसतं. दुसरा, "माणसांचे प्रश्न संपले का?" नाही संपले. कर्वे रस्त्यावरची कोंडी मला रोज भेटते, त्यावरही लिहितो. पण ज्या दुकानात बिल नाही, नोंद नाही, तपासणी नाही, तिथे नुकसान माशाचं आणि फसवणूक माणसाचीच होते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी हवी. पुण्याच्या सोसायटीने समुद्री मासे विकणाऱ्या दुकानांची यादी करावी आणि वर्षातून एकदा तरी पाहणी करावी. प्रत्येक माशाबरोबर मराठीत एक चिठ्ठी द्यावी: पैदास केलेला की पकडलेला, दुकानात कधी आला, काय खातो, लपतो कसा. दुकानात आल्यावर निदान दोन आठवडे ठेवून, खातोय हे गिऱ्हाईकाला दाखवून मगच विकावा. यात बंदी कुठेच नाही. प्रामाणिक दुकानदाराचा तर यात फायदाच आहे.

तोवर आपल्या हातात एवढं आहे. दुकानात गेलात तर म्हणा, "माझ्यासमोर याला खायला घाला." खाल्लं नाही तर पैसे खिशात ठेवून घरी या. आणि घेतलाच, तर पहिला आठवडा दिवे मंद, आवाज कमी, काचेवर हात नाही. सोसायटीतल्या पोरांनाही सांगा. मोठ्यांपेक्षा ती लवकर ऐकतात.

पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालायला मी इथेच आहे.