आधी मागचे ड्रम उघडा

गेल्या पंधरवड्यात मंचरहून एका पिकअपमालकाचा फोन आला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायचा आणि रातोरात वाशीला उतरवायचा, हा त्यांचा धंदा. गाडी स्वतःच चालवतात. "पुढचे डिस्क पॅड चौदा हजार किलोमीटरला संपले. वर्षातला हा तिसरा सेट. सगळ्यात जास्त टिकतील असे पॅड सांगा सर, पैशाचं नंतर बघू."

मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. खंडाळ्याचा घाट कितव्या गिअरला उतरता? आणि मागचे ड्रम शेवटचे कधी उघडले होते? पहिल्याचं उत्तर लगेच आलं, "चौथ्याला. रस्ता मोकळा असला तर न्यूट्रल." दुसऱ्याला फोनवर बराच वेळ शांतता.

न्यूट्रलचं ऐकून पोटात गोळा आला, म्हणून आधी घाटाचा हिशोब मांडतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून 620 मीटरच्या आसपास, खोपोली साठेक मीटरवर. म्हणजे गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त खाली येते. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. या उतारात जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात हीच गाडी ताशी 60 किलोमीटरच्या वेगावरून सुमारे चाळीस वेळा पूर्ण थांबवता येईल. ती ऊर्जा जिरवायची अर्ध्या तासाच्या आत, आणि मधे थंड व्हायला फुरसत न देता. यातला काही भाग वारा आणि टायर खातात. उरलेला एकतर इंजिनाने घ्यायचा, नाहीतर ब्रेकनी, मुख्यतः पुढच्या दोन चाकांमधल्या चार पॅडनी. न्यूट्रल टाकलं की इंजिन बाजूला होतं. त्यात डिझेलही वाचत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचं, हे जुन्या ट्रकवाल्यांचं सांगणं पिकअपलाही तितकंच लागू आहे.

मुळात ब्रेकचे पॅड बनवण्याचा धंदा उताराच्या गरजेतूनच सुरू झाला. इंग्लंडच्या डर्बीशर भागात हर्बर्ट फ्रूड या माणसाने 1897 मध्ये घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनवायला घेतले. भरलेली गाडी डोंगर उतरताना चाकाला दाबून धरेल आणि तरी लवकर झिजणार नाही, असं काहीतरी त्याला हवं होतं. त्यातून पुढे फेरोडो ही कंपनी उभी राहिली.

आता पॅडकडे येऊ. दुकानात "टिकाऊ द्या" म्हटलं की बऱ्याचदा कडक पॅड हातात पडतो. कडक पॅड टिकतो, कारण तो डिस्कला कमी धरतो. मग पेडल जोरात दाबावं लागतं, गाडी दोन हात पुढे जाऊन थांबते, आणि मालक खूश असतो की पॅड झिजत नाहीत. माझ्या मते माल वाहणाऱ्या गाडीला यापेक्षा वाईट खरेदी नाही. पिकअपच्या पॅडला विचारायचा पहिला प्रश्न एकच : तापल्यावर धरशील का?

याचं अर्धंमुर्धं उत्तर पॅडवरच छापलेलं असतं. चांगल्या पॅडच्या कडेला किंवा पाठीच्या पत्र्यावर लांबलचक नंबर असतो आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. 'एफई' असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, असं त्यानेच लिहून दिलं आहे. घाटात जाणाऱ्या गाडीला 'एफएफ'च्या खाली जाऊ नका. या अक्षरांवरून आयुष्य कळत नाही, आणि दोन 'एफएफ' पॅडही सारखे नसतात. पण ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही, तो पॅड मी माझ्या गाडीला लावणार नाही.

पॅड कशाचा बनलाय, हेही बघावं लागतं. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत, शहरातल्या कारला छान. लांब उतारावर मात्र त्यांना धरून ठेवणारं रेझिन जळायला लागतं, वायू सुटतो, आणि पॅड डिस्कवरून घसरल्यासारखा होतो. त्यानंतर पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते. असा पॅड जाड दिसत असला तरी कामातून गेला. सेमी-मेटॅलिकमध्ये पोलादाचे तंतू आणि लोखंडाची पूड असते. तो थोडा करकरतो, डिस्कही जरा जास्त खातो, पण तापल्यावर पकड सोडत नाही. भरल्या पिकअपला मी हाच सांगतो. सिरॅमिकचं नाव मोठं आहे. शांतता आणि स्वच्छ रिम हे त्याचे गुण, आणि टोमॅटोच्या गाडीला त्यांची गरज नाही. पाकिटावर ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचं लिहिलेलं हवंच. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कर्करोग होतो, आणि ती धूळ आधी जाते ड्रमवर हवा मारणाऱ्या गॅरेजमधल्या पोराच्या छातीत. पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असो वा नसो, ब्रेकची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. एवढं आपण गाडीमालक उभे राहून करवून घेऊ शकतो.

तरीही चौदा हजाराला पॅड संपण्याचं कारण पॅडमध्ये असेल, असं मला वाटत नव्हतं. रविवारी मंचरला गेलो. त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रींनी आधी पुढची चाकं काढली. एका बाजूचा आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती. पिस्टनने आतला पॅड दाबायचा आणि कॅलिपरने सरकून बाहेरचा ओढायचा, अशी ही रचना. सरकणं थांबलं की सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर. जुने तिन्ही सेट त्याच पिनेवर बसवले गेले होते.

मग मागचे ड्रम उघडले. शू जवळजवळ नव्यासारखे, आणि हेच खरं दुखणं. ॲडजस्टर धुळीने घट्ट झाला होता, शू ड्रमपर्यंत नीट पोहोचतच नव्हते. शिवाय मालकांनी जास्त क्रेट बसावेत म्हणून मागे दोन पाटे वाढवले होते. बहुतेक पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. मालाने गाडीची पाठ जेवढी खाली बसते, तेवढी त्याची दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला तेवढं जास्त ऑइलचं प्रेशर मिळतं. पाटे वाढवल्यावर पाठ बसेना. शंभर क्रेट भरले, म्हणजे टोमॅटोच दोन टन, तरी व्हॉल्व्हच्या लेखी गाडी अर्धी रिकामीच. सगळा भार पुढच्या पॅडवर.

मालक दांडीकडे बघत म्हणाले, "हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही." मला त्याचं फार वाईट वाटलं. गाडीचा हप्ता भरणारा, रात्रभर जागून माल पोहोचवणारा माणूस वर्षात तीन वेळा पॅडचे पैसे देतो, आणि त्याला कुणी मागचं चाक उघडून दाखवत नाही.

त्या दिवशी जास्तीचे पाटे उतरवले, दांडी कंपनीच्या मापाला लावली, ॲडजस्टर साफ करून शू जवळ आणले. पिना नव्या टाकल्या आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात. डिस्कवर कोरलेल्या कमीत कमी जाडीपेक्षा ती अजून जाड होती, म्हणून ठेवली. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, ते बदलून डॉट-4 भरलं. नवं डॉट-4 निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषला की ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. उकळलेल्या ऑइलवर पेडल सरळ फळीला टेकतं. नवे पॅड दोन्ही बाजूंना एकाच वेळी टाकले, सेमी-मेटॅलिक, 'एफएफ'. मग रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर काढून साठवरून वीसपर्यंत वेग हळूहळू उतरवायचा, थोडं थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच, असं वीसेक वेळा केलं. त्याशिवाय पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसत नाहीत.

क्रेट किती भरायचे यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. भाडं क्रेटवर मिळतं, आणि कंपनीने दिलेल्या वजनात राहिलं तर रात्र परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते पासष्टवर आले.

बुधवारी पहाटे तीनला त्यांचा फोन आला. तिसऱ्या गिअरला, अवघड उतारावर दुसऱ्याला घाट उतरून ते खोपोलीत चहाला थांबले होते. गाडीला पुढून चक्कर मारून आले होते. "सर," ते म्हणाले, "आज चाकाला वास नाही."