मताविना खुर्ची

आज 26 नोव्हेंबर, संविधान दिन. नागपूरजवळच्या वाडीत नगरपरिषदेच्या प्रचाराला जोर आला आहे. अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्ट गोदामासमोर प्रचाराची रिक्षा थांबते. उमेदवार हात जोडतो, आपले चिन्ह सांगतो. पाठीवर पोते असलेला हमाल मान हलवून आत जातो. पाच वर्षांतून एकदा का होईना, कुणीतरी त्याच्यापुढे हात जोडतो. लोकशाहीतला हा क्षण आम्हाला मोलाचा वाटतो.

मग न्यायाधीशांनीही असेच मत मागायला यावे का? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या ना त्या रूपात ते घडते. खुर्चीवर बसलेला न्यायाधीश मुदत संपत आली की ती टिकवण्यासाठी मतदारांपुढे जातो. मिसिसिपीने 1832 मध्ये सगळेच न्यायाधीश लोकांनी निवडावेत असे ठरवले. न्यायाधीश सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतला नसावा, हा त्यामागचा विचार चांगलाच होता.

पण निवडणूक म्हटली की खर्च आला, आणि खर्च म्हटला की देणगीदार आला. वेस्ट व्हर्जिनियात ह्यू कॅपर्टन या छोट्या खाणमालकाने मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीविरुद्ध 5 कोटी डॉलरचा दावा जिंकला. कंपनीचे अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होते. तेवढ्यात, 2004 मध्ये, तिथल्या एका जागेची निवडणूक लागली. पदावरचे न्यायमूर्ती वॉरेन मॅग्रॉ पुन्हा उभे होते. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी कंपनीच्या प्रमुखाने सुमारे 30 लाख डॉलर ओतले. मॅग्रॉ हरले. निवडून आलेले न्यायमूर्ती त्या अपिलाच्या सुनावणीतून बाजूला झाले नाहीत आणि 3 विरुद्ध 2 मतांनी कंपनी जिंकली. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण तोही 5 विरुद्ध 4 अशा काठावरच्या बहुमताने. पैशाइतकाच लोकक्षोभही भारी पडतो. आयोवात समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी तिघांना 2010 मध्ये मतदारांनी घरी पाठवले.

आपल्यालाही हा विषय अगदी नवा नाही. राज्याच्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात न्याय पंचायतींची तरतूद होती आणि त्यांचे सदस्य निवडून येत. पुढे ती व्यवस्था मोडीत निघाली. जिथे मतदार, उमेदवार आणि पक्षकार एकाच भावकीतले, तिथे निवाडा निर्लेप राहणे कठीणच.

24 मे 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीचा प्रश्न नीट उलगडून दाखवला. नेमणूक एकट्या सरकारच्या हाती नको, ती राजकीय दबावाच्या कक्षेतही नको आणि सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकारही नको, कारण तेही शेवटी माणूसच. या सावधपणाची किंमत आणीबाणीत कळली. नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद ऐकण्याची तयारी दाखवली, पण 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केले. त्या पीठावर न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. खुर्चीला मतांपासून जपायचे, तसेच सत्तेपासूनही जपावे लागते.

म्हणून न्यायाधीशाने मत मागू नये, असे आम्ही ठामपणे म्हणतो. मात्र मत मागायचे नाही म्हणून हिशेबही द्यायचा नाही, असे होऊ नये. उच्च न्यायालयांसाठी नावे कशी निवडली आणि कोणती का वगळली, हे लोकांना कळले पाहिजे. रिकाम्या जागा वेळेत भरल्या पाहिजेत. निकाल पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचता आला पाहिजे. आणि आपणही जागे राहिले पाहिजे. न्यायालय खुले असते. आपले काम नसतानाही एखाद्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसावे.

उद्या गोदामासमोरच्या त्याच हमालाला ट्रकची धडक बसली, तर भरपाईसाठी त्याला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयात जावे लागेल. तारखांवर तारखा पडतील, मजुरी बुडेल. अखेर एक दिवस शिपाई त्याचे नाव पुकारेल. समोरच्या बाजूला ट्रकमालकाचा आणि विमा कंपनीचा वकील असेल. त्या दिवशी न्यायाधीशाला द्यायला हमालाजवळ मत नसेल, देणगी तर नसेलच. ट्रकमालकाचेही मत किंवा देणगी तिथे चालत नाही, एवढाच त्या गरिबाचा आधार. तो आपण जपला पाहिजे.