छत्तीस जीबी कुठे गेले?

दोस्तांनो, खराडीत आयटी पार्कमुळे संगणकवाल्यांना तोटा नाही. पण परवा आमच्या बिल्डिंगमध्ये जे भांडण होता होता राहिलं, तेव्हा त्यातला एकही घरी नव्हता!

आठवीतल्या एका मुलासाठी त्याच्या बाबांनी वापरलेला संगणक विकत आणला. बाबा रिक्षा चालवतात, पैसे साठवून घेतलेली वस्तू. चिठ्ठीवर लिहिलेलं : रॅम ८ जीबी, डिस्क ५१२ जीबी. घरी चालू करून बघतात तो काय, डिस्क ४७६ जीबीच! "छत्तीस जीबी मारले की दुकानदारानं!" बाबा चपला घालून निघालेच. पोराला भलतीच शंका. "काका, रॅम मात्र आठची आठच दिसतेय. असं कसं?"

प्रश्न फक्कड होता. म्हटलं, दादा, जरा बसा.

संगणकाला शून्य आणि एक एवढंच कळतं. असा एक अंक म्हणजे एक बिट आणि आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. आपल्या देवनागरीत मात्र यूटीएफ-८ या सध्याच्या पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'खराडी'त ख, र, काना, ड आणि वेलांटी अशा पाच खुणा, म्हणजे पंधरा बाइट!

आता किलोबाइट. किलो म्हणजे हजार, हे वाण्यालाही ठाऊक. पण संगणकाचं मोजणं दुपटीचं : २, ४, ८, १६ असं करत १०२४. हा आकडा हजाराच्या जवळचा, म्हणून त्यालाही किलोच म्हणू लागले. घोळ इथेच झाला. डिस्क बनवणारे हजारानं मोजतात, विंडोज १०२४ नं. किलो, मेगा, गिगा अशा तीन पायऱ्या चढताना हा फरक वाढत जातो. कॅल्क्युलेटर घ्या आणि ५१२ ला १.०२४ नं तीनदा भागा. आले ना ४७६ आणि वर थोडे? रॅम मात्र विकणारा आणि संगणक, दोघंही १०२४ नंच मोजतात. म्हणून आठची आठ.

१९९८ साली १०२४ च्या हिशेबाला 'गिबीबाइट' असं वेगळं नाव दिलं गेलं. पण विंडोज अजून जीबीच लिहितं. त्याला कोण सांगणार!

बाबांनी चपला काढल्या. चहा झाला.

राहता राहिली रॅम. डिस्क म्हणजे कपाट, रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल. काम टेबलावर चालतं, पण लाईट गेली की टेबल साफ! म्हणून निबंध लिहिताना अधूनमधून कंट्रोल आणि एस दाबायचं, म्हणजे तो कपाटात जातो. हे त्या पोराला दुसऱ्याच दिवशी कळलं. अडीच पानं गेली बिचाऱ्याची.

आता तुमच्या गावाच्या नावाचे बाइट मोजा पाहू. जोडाक्षर असेल तर मधला हलंतही एक खूण धरायचा हं!