वाढलेल्या धावांआधी मिळालेली संधी मोजा

मीरा रोड आणि भाईंदरच्या फलाटांवर सुट्टीच्या दिवशी पहाटे पाठीला किट बॅग लावलेली मुले चर्चगेटच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. कुणाला क्रॉस मैदान गाठायचे असते, कुणाला आझाद मैदान, कुणी दादरला उतरून शिवाजी पार्कला जाणार असतो. हंगाम संपला की या मुलांची वर्षभराची धडपड एकाच तुलनेत कोंबली जाते: गेल्या वर्षी किती धावा, यंदा किती? आकडा वाढला तर पोरगा सुधारला, घटला तर त्याचे लक्ष उडाले, असा निकाल घरात आणि नेटमध्ये लागतो. पुढच्या संघातली जागा, अकादमीची फी भरत राहायची की नाही, कधीकधी खेळच चालू ठेवायचा की नाही, हेही त्यावरच ठरते. ही तुलना फसवी आहे. दोन हंगामांतल्या फरकात मुलाची स्वतःची प्रगती किती, त्याला मिळालेली संधी किती, जोडीदाराची साथ किती आणि नशीब किती, हे वेगळे केल्याशिवाय त्या आकड्यावरून कोणाचेही भवितव्य ठरवू नये.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आपल्याला फारशा परिचित नसलेल्या आइस हॉकीत सापडतो. भारतात हा खेळ लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर रुजला. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये मात्र गोलवर मारलेल्या प्रत्येक फटक्याची आणि रिंकवर घालवलेल्या प्रत्येक मिनिटाची नोंद होते. स्वीडनचा फॉरवर्ड विल्यम कार्लसन २०१६-१७ मध्ये कोलंबस संघाकडून ८१ सामने खेळला आणि त्याने ६ गोल केले. पुढच्याच हंगामात लास व्हेगासच्या नव्या संघाकडून ८२ सामन्यांत त्याने ४३ गोल केले, म्हणजे सात पटींहून जास्त. नोंदी उलगडल्या की या झेपेची कारणे दिसू लागतात. सामन्यामागे सुमारे १३ मिनिटे खेळणारा कार्लसन आता १८ मिनिटांहून अधिक खेळत होता आणि तेही संघाच्या पहिल्या फळीत. शिवाय फॉरवर्डचे शंभर फटक्यांत साधारण दहा-अकरा गोल होतात, तिथे त्या वर्षी त्याचे तेवीसहून अधिक होत होते. तो वेग टिकणे शक्य नव्हते. त्यापुढच्या हंगामात, त्याच संघात, त्याचे गोल २४ झाले. तो बिघडला नव्हता. नशिबाचा वाटा गळून पडला होता. आणि जे २४ उरले तेही जुन्या ६ च्या चौपट होते. खरी वाढ झाली होतीच, फक्त ती ४३ एवढी नव्हती.

साथीचा वाटा तर याहून ठळक असतो. सॅन होजे संघाच्या जोनाथन चीचूने २००५-०६ मध्ये ५६ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्या हंगामाच्या मध्येच पास देण्यात अव्वल मानला जाणारा जो थॉर्नटन बोस्टनहून त्याच्या संघात आला आणि चीचूचे बहुतेक गोल त्यानंतरचे आहेत. पुढे तो ३७ वर आला, मग २३ वर. आपल्या ओळखीचे उदाहरण पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचे. २०२१ च्या आयपीएलमध्ये ६३५ धावा करून तो सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. दुसऱ्या टोकाला सलामीला खेळणाऱ्या फाफ डू प्लेसीच्या ६३३ होत्या, अवघ्या दोन कमी. २०२२ मध्ये डू प्लेसी बंगळुरूला गेला आणि ऋतुराजच्या धावा ३६८ वर आल्या. २०२३ मध्ये डेव्हन कॉनवेने ६७२ धावा केल्या, त्याच्या साथीने ऋतुराज ५९० पर्यंत पोचला. जोडीदार तडाखे देत असला की गोलंदाजाला एकाच फलंदाजावर डाव रचता येत नाही, आणि तो मोकळेपणा धावफलकावर वेगळा दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: म्हणजे मेहनतीला काही किंमतच नाही का? किंमत आहे, आणि ती नेमकी ओळखता यावी म्हणूनच ही चाळणी लावायची. २०२४ मध्ये कॉनवे दुखापतीमुळे खेळला नाही, चेन्नईच्या कर्णधारपदाचा भारही ऋतुराजवर होता, तरी त्याने ५८३ धावा केल्या. साथ बदलली तरी आकडा टिकला. इथे गुणवत्ता बोलली. एडमंटनच्या लिऑन ड्रायसाइटलचेही तसेच. तो २०१७-१८ मध्ये २५ गोलवर होता, पुढच्या हंगामात ५० वर गेला. तेव्हा शंका घेणे रास्त होते, पण पुढच्या काळात त्याने पन्नाशी पुन्हा पुन्हा गाठली आणि शंका मिटली. तेव्हा झेप खोटी असते असे मी म्हणत नाही. एका हंगामावरून ती खरी की खोटी हे कळत नाही, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप प्रशिक्षकांचा आणि पालकांचा: खराब खेळानंतर कान उपटले की पोरगा सुधारतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांनी हेच सांगितले होते: कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते, रागावले की सुधारते. कानेमन यांनी त्यातली गोम दाखवली. फारच वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा आपसूकच थोडी बरी होते आणि फारच चांगलीनंतरची थोडी उतरते, कारण टोकाच्या कामगिरीत नशिबाचा हात मोठा असतो. रागाला मिळणारे श्रेय मुळात रागाचे नसतेच. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र त्या गैरसमजाची किंमत मोजावी लागते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. निवड समितीला तीन-तीन वर्षे थांबता येत नाही, चौदा वर्षांखालचा मुलगा तेवढ्यात सोळा वर्षांखालच्या गटात जातो. हे खरे आहे. पण म्हणूनच हाताशी असलेल्या एका वर्षाचे नीट वाचन हवे. धावांच्या शेजारी डाव किती, चेंडू किती खेळले, कोणत्या क्रमांकावर, समोरचा संघ कोणता आणि किती झेल सुटले, एवढे लिहायला स्कोअरबुक आणि पाच मिनिटे पुरतात. सातव्या क्रमांकावर येऊन बारा चेंडूंत १५ धावा करणारा मुलगा आणि सलामीला येऊन ८० चेंडूंत ५० करणारा मुलगा यांची तुलना त्याशिवाय होऊच शकत नाही.

आपल्या शहराचा प्रश्न याच हिशेबात दडलेला आहे. समजा, एका मुलाला हंगामात सहाच डाव मिळाले. एका डावात शून्यावर झेल सुटला आणि त्याने पुढे ९० धावा केल्या, तर त्या एका झेलाने त्याची सरासरी १५ ने वाढते. तीस डाव मिळाले असते तर तोच झेल ३ धावांचा फरक करतो. डाव जितके कमी तितके नशीब मोठे. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या मीरा-भाईंदरमध्ये मुलांना पुरेसे सामने घराजवळ खेळायला मिळाले, तर त्यांच्या आकड्यांत त्यांचा खेळ दिसू लागेल. तोवर मैदान राखणे आणि सामने वाढवणे हे महापालिकेचे, अकादम्यांचे आणि शाळांचे काम आहे; ते न करता दर वर्षीच्या आकड्याचा जाब फक्त मुलाला विचारणे अन्याय आहे.