यंत्र हाती, पट्टीची चणचण

रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र आता मालवण तालुक्यातील कट्ट्यासारख्या गावालाही अप्रूप राहिलेले नाही. यंत्र एकदाच घ्यावे लागते. पट्टी मात्र दर तपासणीला नवी लागते. गरीब मधुमेह्याची खरी अडचण येथे आहे.

या इवल्याशा पट्टीमागे मोठे शास्त्र आहे. १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर एन्झाइमचा थर बसविण्याची कल्पना मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीपासून मिळणारे एन्झाइम रक्तातील असंख्य द्रव्यांतून नेमके ग्लुकोज हेरते. त्या क्रियेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. साखर जितकी अधिक, तितका प्रवाह अधिक. १९८७ साली याच तत्त्वावरचे लेखणीएवढे यंत्र घरोघरी वापरण्यासाठी बाजारात आले.

परंतु एन्झाइम नाजूक असते. कोकणातल्या पावसाळी, दमट हवेत डबीचे झाकण उघडे राहिले, तर पट्ट्या बिघडून आकडा चुकू शकतो. हापूस कापलेला हात न धुता बोट टोचले, तर आंब्याची साखर रुग्णाच्या खाती जमा होते. तेव्हा पट्टीबरोबर तिच्या वापराचे शिक्षणही दिले पाहिजे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. सरकारी केंद्रांत तिशीपुढील नागरिकांची तपासणी होते, हे स्तुत्यच. पण एकदाच्या आकड्याने रोग आटोक्यात येत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यास दिवसातून अनेकदा साखर मोजावी लागते. पट्टी वाचविण्यासाठी रोजंदारीवरचा मजूर अंदाजाने इन्शुलिन टोचून घेऊ लागला, तर साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध पडण्याचे भय असते.

स्वस्त पट्टी अशक्य नाही. आयआयटी मुंबईच्या सहभागाने तयार झालेला 'सुचेक' हा स्वदेशी संच २०१४ साली जाहीर झाला, तो याच हेतूने. आता शासनाने इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येक गरजू रुग्णास इन्शुलिनबरोबरच पट्ट्याही मोफत द्याव्यात. खर्चाची सबब पुढे केली जाईल. परंतु निकामी झालेले मूत्रपिंड आणि गेलेली दृष्टी यांची किंमत पट्टीहून कितीतरी भारी असते, आणि ती अखेर समाजालाच चुकवावी लागते.