ड्रोन आधी अग्निशमन दलाला द्या

18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जीव गेले. मालकाचे कुटुंब आणि कामगाराचे कुटुंब, दोन्ही तिथेच राहत होती. सर्वात लहान जीव वर्षभराचा. बाहेरून पाण्याचा मारा चालू होता आणि आत पोहोचायला कित्येक तास लागले.

आपल्या जिल्ह्याला ड्रोन नवा नाही. पंढरपूरच्या आषाढी वारीत पोलीस तो वापरतात. पण आपली त्याच्याशी ओळख बंदोबस्तातूनच झाली. जीव वाचवायला येणारा ड्रोन आपण अजून फारसा पाहिलेला नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

ड्रोन असता तर आठही जण वाचले असते, असे मी म्हणणार नाही. थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहत नाही, तो पृष्ठभागाची उष्णता दाखवतो. पण कोणत्या बाजूचे छत जास्त तापले आहे, धुराआड आग कुठे सरकते आहे, शिडी कुठून लावता येईल, हे तो काही मिनिटांत दाखवू शकतो. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने गावे वेढली, तेव्हाही कोणत्या छपरावर माणसे आहेत हे वरूनच चटकन कळले असते. अर्थात बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकते. म्हणजे जादा बॅटऱ्या हव्यात, चार्जिंग हवे, आणि प्रत्येक पाळीत उडवणारा माणूस हवा. खरेदी हे यातले सर्वात सोपे काम आहे. फीत कापून फोटो काढला की ते संपते!

सोलापुरात आणखी एक पेच आहे. जून 2025 पासून होटगी रोड विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली. ड्रोन नियम 2021 नुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायला आधी परवानगी लागते, आणि शहराचा बराच भाग या टापूत येतो. आग लागल्यावर परवानगी मागत बसायचे का? महापालिका आणि विमानतळ यांच्यात हे आधीच लेखी ठरलेले असायला हवे.

आता मोहल्ल्याकडे येऊ. उन्हाळ्यात विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत माणसे गच्चीवर झोपतात. अम्मी, बहिणी तिथेच कपडे वाळत घालतात. एप्रिल 2022 मध्ये दिल्लीच्या जहांगीरपुरीत दंगलीनंतर पोलिसांनी ड्रोनने छते तपासली, ते आपण टीव्हीवर पाहिले. म्हणून ड्रोन म्हटले की काही मित्र सरळ विरोध करतात. त्यांची भीती मला समजते, त्यांचा निष्कर्ष पटत नाही. विरोधाने ड्रोन थांबणार नाही, फक्त तो कसा वापरायचा हे आपल्याशिवाय ठरेल.

सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारला त्यात शिरायचे असेल तर कायद्याचा आधार हवा, गरज हवी आणि गरजेपुरतेच शिरायला हवे. मात्र 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 17 नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते. त्यामुळे शहराची स्वतःची नियमावली ड्रोनच्या आधी यायला हवी.

कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा शहराच्या पोलिसांनी 2018 मध्ये मदतीचा फोन आला की ड्रोन पाठवायला सुरुवात केली. उड्डाण कधी, कुठे, कशासाठी झाले, हे ते लोकांसाठी जाहीर करतात. त्याच नोंदींवरून 2024 मध्ये पत्रकारांनी दाखवून दिले की गरीब वस्त्यांवरून ड्रोन जास्त उडतो. पोलिसांना अडचणीचा ठरलेला हा हिशेब पोलिसांच्याच नोंदींतून निघाला. सोलापुरात अशी उघडी नोंद ठेवायला काय हरकत आहे? सॉफ्टवेअर म्हणून ते काम काही दिवसांचे आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर यायला हवे. एक अर्ज महापालिकेला, एक पोलिसांना करा. ड्रोन किती आहेत, उड्डाणाचा आदेश कोण देतो, चित्रण किती दिवस ठेवतात, घराच्या गच्चीचे चित्रण आले तर त्याचे काय करतात, एवढे विचारा. आणि ज्यांना यंत्राची आवड आहे त्यांनी रिमोट पायलट प्रमाणपत्राचा विचार करावा. वय किमान 18, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण, अशा त्याच्या अटी आहेत. अग्निशमन दलाने उद्या ड्रोन घेतला, तर तो उडवायला माणसे लागणारच आहेत.